अर्धा फेरा

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत फोन वाजला की पलीकडचं वाक्य मला पाठ असतं. "मेस्त्री, मशीन तापालंय." सोलापुरात त्या दिवसांत काय तापत नाही? पत्रा तापतो, टाकीतलं पाणी तापतं, दुपारी एकनंतर माणसंही तापतात. पण फोन करणाऱ्याला विनोद नको असतो. त्याचं तासाच्या भाड्यावर लावलेलं मशीन उभं आहे आणि साइटवरचा मुकादम त्याच्या डोक्यावर बसलाय.

माझी शेड अक्कलकोट रोड एमआयडीसीत. शेजारी टॉवेलचे पॉवरलूम, समोर चहाची टपरी, मागे बाभळी. काम एकच, छोट्या लोडरांची डिझेल इंजिनं. या लोडरला आमच्याकडे सगळे बॉबकॅट म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. पुढे बकेट आणि मागे सोंड असलेलं प्रत्येक पिवळं धूड जसं जेसीबी होतं, तसंच हे. ज्यांनी नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीपेक्षा आखूड, डब्यासारखं यंत्र. दोन्ही बाजूंनी दोन बाहू, पुढे बकेट, मधल्या पिंजऱ्यात ऑपरेटर. स्टिअरिंग नाही, चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की जागच्या जागी गिरकी घेतं. टायर घासून खातं, पण साखर पेठेतल्या किंवा बाळीवेशीतल्या ज्या बोळात मोठं मशीन तोंडही घालू शकत नाही, तिथं हे आत जाऊन पाडलेल्या वाड्याची माती उपसून आणतं.

याचा जन्म मात्र बांधकामावर झालेला नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावाजवळ लुई आणि सिरिल केलर या दोन भावांचं वेल्डिंग-लोहारकामाचं दुकान होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायला यंत्र हवं होतं. खुराडी दुमजली, मध्ये खांब. वरच्या मजल्याला पेलेल इतकं हलकं आणि खांबांमधून वळेल इतकं लहान काहीतरी पाहिजे होतं. १९५७ साली भावांनी तीन चाकांचं लोडर करून दिलं. पुढे एका कंपनीने त्यांना कामावर घेतलं, १९६० मध्ये चौथं चाक आलं आणि १९६२ मध्ये बॉबकॅट हे नाव. माझ्याकडे कुणी मालक नव्या मशीनचा फार तोरा मिरवायला लागला की मी त्याला ही कोंबडखताची गोष्ट सांगतो.

तर, तापणं. या मशीनचं इंजिन मागच्या पेटीत कोंबलेलं असतं. ट्रक पळतो तेव्हा समोरून वारा लागतो. हे बिचारं दिवसभर वीस फूट पुढे, वीस फूट मागे. वारा कुठला? वर, ट्रकचं इंजिन उतारावर विसावा घेतं, याला तो नाही. चाकंसुद्धा हायड्रॉलिक पंपावर फिरतात, म्हणून इंजिन सकाळी चढवलेल्या आवाजात संध्याकाळपर्यंत ओरडत राहतं. किलोमीटर इथं कामाचे नाहीत, सगळा हिशोब तासांच्या मीटरवर. अशा यंत्राला बाहेर ४३ अंश असताना गार ठेवायचं काम एक रेडिएटर, त्याला चिकटून बसलेला ऑईल कूलर आणि एक पंखा यांच्यावर असतं.

परवाचं मशीन साखर कारखान्याच्या यार्डातलं होतं. बगॅस ढकलायचं काम. बगॅस म्हणजे उसाचा चोथा. वाळला की त्याचे तंतू मिसरूडासारखे बारीक होतात आणि वाऱ्यावर उडत सगळीकडे घुसतात. मालकाने पाणी बदललं होतं, पट्टा बदलला होता, कुणीतरी सांगितलं म्हणून थर्मोस्टॅटही, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेकला होता. आमच्याकडे हा एक आवडता इलाज आहे. इंजिन तापलं की आधी थर्मोस्टॅट काढायचा! म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, सकाळी धुरकतं, डिझेल जास्त पितं. आणि तापायचं कारण तिथंच असतं.

मी मागची जाळी उचलली. वरून रेडिएटर स्वच्छ. मालक म्हणाला, "रोज हवा मारतो बे पोरगा, काय नाय त्यात." ऑईल कूलरचे दोन बोल्ट सैल करून तो वर कलता केला आणि आतल्या फटीत हात घातला. बाहेर आला तो बगॅस, धूळ आणि तेल यांचा थापलेला थर. बोटभर जाड, कडेपासून कडेपर्यंत अखंड. गोधडीचा तुकडा उचलावा तसा मी तो दोन हातांत उचलला. मालकाने फोटो काढला. रोज मारलेल्या हवेने वरचा कचरा आत ढकलून ही गोधडी शिवली होती. हवा नेहमी पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारायची, ज्या वाटेने कचरा आला त्याच वाटेने परत घालवायचा. आणि पाण्याचा जोर लावायचा तर लांबून, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पात्या दुमडतात आणि वाट कायमची बंद. दीड तासाचं काम. नवा थर्मोस्टॅट बसवला, बोअरचं खारट पाणी काढून कूलंट भरलं. बोअरच्या पाण्याने चहाचं भांडं आतून पांढरं होतं, तेच इंजिनच्या पोटात होतं, फक्त तिथं घासणी पोचत नाही.

डिझेल इंजिन मुळात फार साधं आहे, असं माझे उस्ताद म्हणायचे. हवा दाब, इतकी दाब की ती पाचशे अंशांच्या वर तापेल, मग त्यात डिझेलची फवारणी कर, पेटेल. ठिणगी नाही, प्लग नाही. धूर बघ, तो बोलतो. काळा असला तर हवा कमी नाहीतर डिझेल जास्त. निळा असला तर ऑईल जळतंय. पांढरा असला तर एकतर डिझेल न पेटता बाहेर पडतंय नाहीतर पाणी आत येतंय. उस्ताद हे दखनी हिंदीत सांगायचे आणि त्यांच्या डाव्या तळहातावर मनगटापर्यंत गेलेला एक व्रण होता. हायड्रॉलिक पाईपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं आणि ते शोधायला त्यांनी चालू मशीनवर हात फिरवला होता. त्या दाबाने तेल कातडीतून आत जातं. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. रात्री हात फुगला, डॉक्टरांनी तळवा उभा चिरला. माझ्या शेडमध्ये त्यामुळे पुठ्ठ्याचे तुकडे टांगलेले असतात. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा. बूम, म्हणजे ते दोन बाहू, वर असताना लॉक लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, हा दुसरा नियम. बाकी नियमांत मी सवलत देतो.

एक अवांतर. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं यंत्र १८९७ मध्ये नीट चाललं. तीन वर्षांनी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच जातीचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि म्हणे बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं. सोलापूरकराच्या आलं असतं! शेंगाचटणीच्या गावातला माणूस तो वास कसा चुकवेल? १९१३ च्या सप्टेंबरात हा डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. उडी मारली, पडला की ढकलला, कुणाला कळलं नाही. दुपारी डबा उघडून कडक भाकरीवर चटणी घेतली की मला हा माणूस आठवतो. घरी सांगितलं तर हसतात.

माझे वडील, अण्णा, मिलमध्ये जॉबर होते. मागांची एक रांग त्यांच्याकडे. माग बिघडला की कारागीर हात वर करायचा आणि अण्णा पान्यांची पिशवी घेऊन जायचे. शेकडो मागांच्या खडखडाटात एका मागाचा धोटा उशिरा पोचतोय हे त्यांना लांबून ऐकू यायचं. नव्वदीच्या दशकात मिल बंद पडली, कान तसेच राहिले. म्हातारपणी माझ्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. डिझेल इंजिनबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, पण डोळे मिटून म्हणायचे, "ह्यातला एक घर मुका हाय." नोझलचे नट एकेक करून सैल करून बघावेत, तर तिसऱ्या सिलिंडरचा सैल केल्यावर आवाजात फरकच पडायचा नाही. तोच मुका. त्यांना एक वाक्य फार आवडायचं. कापडात खोट निघाली की थानाच्या नंबरावरून माग कळायचा आणि मागावरून माणसाचा माग.

आता हवेबद्दल सांगतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथं आहे.

दोन-सव्वादोन लिटरचं इंजिन पूर्ण आवाजात चाललं की मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं. सोलापूरकराला लिटर टँकरमध्ये कळतात. दहा हजार लिटरचा एक टँकर चार मिनिटांत. आठ तासांत १२० टँकर हवा. ही हवा मुरुमाच्या, सिमेंटच्या, खडी क्रशरच्या धुळीतून येते, आणि धूळ म्हणजे दगडच, फक्त बारीक. इंजिन आणि ती धूळ यांच्यामध्ये फक्त कागद असतो. बाहेरचा एक फिल्टर, त्याच्या पोटात दुसरा बारीक. कागदाच्या पुढे रबरी पाईप, पाईपाच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प.

ऑपरेटर लोक काय करतात, तर संध्याकाळी फिल्टर काढतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारतात. कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर दिसायला पांढराशुभ्र, आणि धूळ सरळ आत. म्हणून मी कुठलंही मशीन आलं की आधी फिल्टरच्या पुढचा पाईप काढतो आणि आत बोट फिरवतो. बोट स्वच्छ आलं पाहिजे, किंवा फार तर थोडं तेलकट. त्यावर राखाडी पावडर आली की पुढचं सगळं मला न उघडता कळतं.

मे २०१४. तुळजापूर रोडच्या बाजूला एका खडी क्रशरवर एक लोडर होतं. पट्ट्यांखाली सांडलेली खडी उपसायचं काम, याहून वाईट धूळ दुसरीकडे नसेल. मी तिथं सर्व्हिसिंगला गेलो होतो. ऑईल, डिझेल फिल्टर झाले, पाणी गाळायच्या कपातून बशीभर पाणी निघालं, कारण डिझेल बॅरलमध्ये उघडं असायचं. दोन्ही एअर फिल्टर नवे घातले. ऑपरेटर तिथंच उभा होता, अक्कलकोट तालुक्यातला, घरी कानडी बोलणारा विशी-बाविशीतला पोरगा. जुन्या फिल्टरला त्याने हवा मारलेली दिसत होती, म्हणून मी त्याला मालकासमोर झापलं. मग पाईप बसवला आणि पेचकसाने क्लॅम्प आवळायला लागलो, तेवढ्यात घरून फोन आला. अण्णा न्हाणीत पडले होते, उठता येत नव्हतं. मी पेचकस पिशवीत टाकला आणि निघालो. मागचं दार माझ्या हेल्परने लावलं.

पंधरा दिवसांनी तेच मशीन टेम्पोत घालून शेडमध्ये आलं. ऑईल खातंय, लोड घेत नाही. ऑईलचं झाकण उघडल्यावर किटलीसारखी वाफ बाहेर. याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. चारही घरांचं कॉम्प्रेशन घेतलं. तीस बारच्या आसपास दाब हवा, तो बाविसाच्या वर जाईना. मालक माझ्या पाठीमागे उभा होता. मी पाईपाला हात लावला, तर पेचकस न लावताच तो निघून आला. क्लॅम्प बोटाने फिरत होता. आत बोट घातलं. पिठाच्या गिरणीतल्या खिडकीच्या गजावर बसतो ना, तसा थर.

फिल्टर मी बाहेर काढला. कागद धड होता. कुठंही भोक नाही, कुणी हवा मारल्याची खूण नाही. माझ्या झापण्याचा पोरावर परिणाम झाला होता.

मालक म्हणाला, "ह्या भाड्यानं परत हवा मारली असणार."

मी काही बोललो नाही. फिल्टर भंगाराच्या ड्रमात टाकला आणि हेड खोलायला घेतलं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख फिरवलं तर पायरी लागली, जिथवर रिंग पोचते तिथवर बोअर खाल्लेला. वरच्या रिंगा इतक्या झिजल्या होत्या की त्यांची कड ब्लेडसारखी झाली होती. माझा अंगठा कापला. पूर्ण इंजिन करावं लागलं. बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग. मी मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. मालकाला वाटलं, जुन्या ओळखीपोटी. त्याने चार लोकांत माझं कौतुक केलं. पोराचा महिन्याचा पगार कापला आणि त्याला काढून टाकलं.

घरी अण्णा खाटेवर होते, मांडीत सळई घातलेली. रोज संध्याकाळी आज काय काम केलं ते मी त्यांना सांगायचो, तसं हेही सांगितलं. सगळं सांगितलं असं मला वाटलं होतं. पाईप सैल होता, धूळ गेली, इंजिन बसलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "क्लॅम्प कुणी लावला हुता?"

मी म्हणालो, गडबडीत राहिला. त्यांनी परत काही विचारलं नाही. २०१७ मध्ये ते गेले, तोवर नाही.

आता नवी मशीनं येतात त्यांत सेन्सर असतात. फिल्टर चोंदला की पडद्यावर कोड येतो, इंजेक्टरात हजार बारच्या वर दाब, धूर गाळायला सायलेन्सरमध्ये वेगळी जाळी, तीही स्वतःची स्वतः जाळून साफ होते. माझ्याकडचा नवा पोरगा लॅपटॉप लावून अर्ध्या तासात जे सांगतो ते शोधायला मला दिवस लागायचा. मला त्याचं कौतुकच आहे. पण सैल क्लॅम्पचा कोड अजून मी पाहिलेला नाही. फिल्टरच्या पुढून धूळ जात असेल तर फिल्टर चोंदतच नाही, पडदा आनंदात हिरवा. म्हणून लॅपटॉप लावायच्या आधी मी त्याला पाईपात बोट घालायला लावतो. त्याला ते जुनाट वाटतं. वाटू दे.

गेल्या दिवाळीनंतर एक लोडर शेडमध्ये आलं, सेकंडहँड, पण नीट ठेवलेलं. चालवत आणणारा उतरला आणि पाया पडायला वाकला. मिशा आल्या होत्या, पोट सुटलं होतं, मी ओळखलं नाही. त्याने क्रशरचं नाव घेतलं. आता स्वतःचं मशीन, दोन पोरं हाताखाली. "मेस्त्री, फिल्टरला हात लावू देत नाही मी कुणाला," म्हणाला. "तवा मी तुमचं इंजिन मारलो, ते डोक्यात बसलंय."

मी मागचं दार उघडलं, पाईप काढला, बोट फिरवलं. स्वच्छ. ऑईल, फिल्टर, पट्टा, सगळं नेहमीसारखं केलं. दोन वेळा चहा आला. पाईप परत बसवताना मी त्याला सांगितलं. क्लॅम्प, फोन, अण्णा, ड्रममध्ये टाकलेला फिल्टर, सगळं. मान वर न करता सांगितलं.

तो बराच वेळ इंजिनकडे बघत राहिला. पॉवरलूम चालू होते शेजारी. मग म्हणाला, "पण हवा तर मी मारतच हुतो की, त्याच्या आधी."

मी म्हणालो, त्या वेळी मारली नव्हतीस.

"व्हय," तो म्हणाला. "त्या टायमाला नव्हतो मारलो."

माझ्या हातातला पेचकस त्याने घेतला, खाली बसला आणि क्लॅम्प स्वतः आवळला. पाईप धरून हलवून बघितला. मग अजून अर्धा फेरा दिला.